पान उघडंना

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. रात्री साडेआठच्या सुमारास सरांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती.

"पोरी, जेवलीस का?" सर फोनवर आधी हेच विचारतात. मी हो म्हटलं. "बरं. सकाळपासून पोरं फोन करायलीत. पान उघडंना म्हणतात."

मी लॅपटॉपवर सरांची साईट उघडली. पांढऱ्या पडद्यावर ५०८ हा आकडा आणि इंग्रजीत एक ओळ होती, मर्यादा संपली अशा अर्थाची. पुन्हा उघडली तर पान आलं. तिसऱ्यांदा परत ५०८. मला घाम फुटला, कारण हे कुणी केलं ते मला लगेच कळलं होतं. सप्टेंबरमध्ये मीच केलं होतं, आणि त्यासाठी सरांच्या हातचे बेसनाचे लाडूही खाल्ले होते.

सर फुलंब्री तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझे वर्गशिक्षक. २००७ साली मी चौथीत असताना त्यांनी आम्हा अकरा जणांना शिष्यवृत्तीला बसवलं. सकाळी शाळा भरायच्या आधी एक तास, संध्याकाळी सुटल्यावर एक तास, फुकट. मी त्या वर्षी शिष्यवृत्तीधारक झाले नाही. चार-पाच गुणांनी राहिले. पण पुढे इंजिनीअरिंगला गेले, त्याचं मूळ त्या सकाळच्या तासात आहे असं मला वाटतं. बुद्धिमत्ता चाचणीतला आकृत्यांचा भाग सर असा शिकवायचे की गणित हा घाबरायचा विषय आहे हे मला फार उशिरा, इतरांकडून कळलं.

सरकारने शिक्षकांना एमएससीआयटी करायला लावलं तेव्हा बहुतेकांनी प्रमाणपत्र घेऊन संगणक सोडून दिला. सरांनी मात्र बाजारातून एचटीएमएलचं एक पातळ पुस्तक आणलं. २०१० साली त्यांनी आपल्या सराव प्रश्नपत्रिका इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. एक प्रश्नसंच, एक पान. सगळं नोटपॅडमध्ये हाताने लिहिलेलं. निवृत्तीनंतर ते शहरात, सिडकोतल्या घरी राहायला आले, काकू गेल्या, आणि पानं वाढत गेली. मी बघितली तेव्हा ती नऊशेच्या वर होती. वर शीर्षक आणि इतर पानांच्या लिंका, मध्ये प्रश्न, खाली उत्तरसूची आणि शेवटी सरांचा पत्ता. चित्रं जवळजवळ नाहीत. आईवडिलांच्या साध्या मोबाइलवर, शेतात एक दांडी रेंज असतानाही उघडतील अशी पानं. होस्टिंगचे पैसे सर दरवर्षी पेन्शनमधून भरायचे, सगळ्यात स्वस्त पॅकेजचे.

२०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घ्यायचं ठरलं, तेव्हा सरांनी प्रत्येक पान उघडून 'चौथी'चं 'पाचवी' केलं होतं. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली. हे त्यांनी मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून.

मग २०२३ साली शहराचं नाव बदललं. फेब्रुवारीत शहराच्या नावाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं. आमच्या गल्लीत या विषयावर जितकी घरं तितकी मतं होती. सरांचं म्हणणं एवढंच, की पोरांना परीक्षेच्या अर्जावर जे लिहायचंय तेच पानावर दिसलं पाहिजे. आणि पत्ता तर नऊशे पानांच्या तळाशी. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करत होते. सरांनी फोन केला, "तुमच्यात याला काही युक्ती असती का गं?"

युक्ती होती. सरळ युक्ती म्हणजे सगळ्या फायलींमध्ये शोधा आणि बदला. पण मी सहज शोधून पाहिलं तर पत्त्याशिवायही कितीतरी ठिकाणी ते नाव होतं. एका प्रश्नात बिहारमधला औरंगाबाद जिल्हा होता. एकात इतिहासाचा उतारा होता, त्यात जुनं नावच बरोबर होतं. आंधळेपणाने बदललं असतं तर बिहारचाही इतिहास बदलला असता. आणि पुन्हा काही बदललं, सरांचा फोन नंबरही, तर परत तेच सगळं.

म्हणून मी दुसरी युक्ती केली. ती समजायला साधं पान कसं काम करतं ते आधी सांगावं लागेल.

साधं एचटीएमएल पान म्हणजे डिस्कवरची एक फाईल. ब्राउझरने मागितली की सर्व्हर ती उचलतो आणि पाठवतो. आत काय लिहिलंय हे तो वाचत बसत नाही. एकच पान वारंवार मागितलं जात असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम ते मेमरीतच ठेवते, डिस्कपर्यंतही जावं लागत नाही. याउलट पानात पीएचपीसारखी स्क्रिप्ट असेल तर सर्व्हरला ते पान पहिल्या ओळीपासून वाचून, स्क्रिप्ट चालवून, येणारं उत्तर पानात भरून मग पाठवावं लागतं. मागणाऱ्या प्रत्येकासाठी, प्रत्येक वेळी.

फायदा असा, की पत्ता एकाच फाईलमध्ये ठेवता येतो आणि नऊशे पानांत फक्त 'ती फाईल इथे आण' एवढी एक ओळ लिहावी लागते. एकदा पत्ता बदलला की सगळीकडे बदलतो. अडचण एकच होती. पीएचपीच्या पानांची नावं सहसा डॉट पीएचपीने संपतात आणि सरांची सगळी पानं डॉट एचटीएमएल. ते पत्ते शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत होते. एका शाळेने तर भिंतीवर रंगवून घेतला होता. नावं बदलली असती तर भिंत खोटी पडली असती. यावरही उपाय आहे. एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची: यापुढे डॉट एचटीएमएल पानंही पीएचपीकडून वाचून घे. बस. मी ती ओळ लिहिली. दुपारभरात काम झालं. तळाशी सगळीकडे छत्रपती संभाजीनगर.

सर बघत होते. त्यांनी विचारलं, "मग आता हे पान किती पोरांनी उघडलं तेही कळंल का?"

पीएचपीचा जन्मच त्यासाठी झालाय. रासमुस लेर्डोर्फ या प्रोग्रॅमरने १९९४ साली स्वतःचा बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता आणि तो किती जण बघतात हे मोजायला काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. १९९५ साली त्याने ते 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने सगळ्यांना खुले केले. जगातल्या असंख्य साईट्स आज ज्या भाषेवर चालतात तिची सुरुवात 'माझं पान कोणी बघतंय का' या प्रश्नातून झाली. हे मी सरांना सांगितलं तर ते हसले. मी तळाच्या फाईलमध्ये आकडा मोजायची सोय केली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहा घेताना सर तो आकडा बघायचे आणि एका वहीत तारखेपुढे लिहून ठेवायचे. छत्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस. ती वही म्हणजे हजेरीपटच होता.

मी काही आंधळी उडी मारली नव्हती. माझ्या लॅपटॉपवर मोजून बघितलं होतं. साधं पान आणि स्क्रिप्टवालं पान यांतला फरक मिलिसेकंदांत. त्यामुळे 'स्क्रिप्ट घातली की पान हळू होतं' ही जुन्या लोकांची भीती आहे असं मला वाटलं. ते मोजमाप खोटं नव्हतं. मी चुकीची गोष्ट मोजली होती. एक पान किती वेळात तयार होतं ते मोजलं. तीनशे पोरांनी एकदम मागितलं तर काय होतं ते नाही.

त्या रात्री आणि नंतरच्या आठवड्यात जे समजलं ते असं.

माझ्या लॅपटॉपवर पीएचपी कायम जागं असायचं आणि त्यात ऑपकॅश चालू होतं. एकदा वाचून समजून घेतलेली स्क्रिप्ट ते मेमरीत ठेवतं, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून वाचावी लागत नाही. २०१३ साली आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ते पीएचपीसोबतच मिळतं. पण सरांच्या स्वस्त पॅकेजवर पीएचपी जुन्या सीजीआय पद्धतीने चालत होतं. प्रत्येक मागणीला नवी प्रोसेस जन्माला येणार, काम करणार आणि मरणार. तिच्याबरोबर तिची मेमरीही जाणार. मग ऑपकॅश असून नसल्यासारखं. आणि अशा किती प्रोसेस एकाच वेळी चालू शकतात याला त्या पॅकेजवर मर्यादा होती: वीस. एकविसाव्या पोराला ५०८.

दुसरं, तो हजेरीचा आकडा. दोन जणांनी एकदम आकडा वाढवला तर एक हजेरी हरवते, म्हणून मी फाईलला कुलूप लावायची सोय केली होती. एक प्रोसेस आकडा वाढवून होईपर्यंत बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळेच दाराबाहेर, आणि थांबलेली प्रोसेसही त्या विसांतली जागा अडवून बसलेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. साधी फाईल पाठवताना सर्व्हर सोबत सांगतो की ही अमुक तारखेला शेवटची बदलली. पोराने तेच पान पुन्हा उघडलं की ब्राउझर विचारतो, त्यानंतर काही बदललंय का? सर्व्हर म्हणतो ३०४, म्हणजे 'नाही, तुझ्याकडचंच वापर'. पान परत पाठवावंच लागत नाही. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे साठवून वापरणं म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. नळ आला की साठवलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देणाऱ्या घरांचाही अनुभव आहे. मी नेमकं तेच करत होते. स्क्रिप्ट चालवून बनलेल्या पानाला अशी तारीख आपोआप लागत नाही; आपण लावली तरच लागते. मी लावली नव्हती. त्यामुळे सकाळी पान उघडलेल्या पोराने संध्याकाळी तेच पान उघडलं तर अख्खं पान पुन्हा बनून, पुन्हा त्याच्या वडिलांचा डेटा खर्च करून जायचं. त्या नऊशे पानांत सहा महिन्यांत एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

आणि ५०८ दिसलं की माणूस काय करतो? पुन्हा उघडतो. पुन्हा. पुन्हा.

त्या रात्री मात्र यातलं काही समजून घ्यायला वेळ नव्हता. मी एचटीअ‍ॅक्सेसमधली ती एक ओळ पुसली. एवढंच.

त्याने काय झालं? सर्व्हरने पानांच्या आत बघणं सोडलं आणि फायली जशाच्या तशा पाठवायला सुरुवात केली. आतल्या पीएचपीच्या ओळी आता कुणी चालवत नव्हतं. ब्राउझरला त्या कळत नाहीत, तो त्या टिपणी समजून लपवून टाकतो. त्यामुळे वरच्या लिंका गेल्या, तळाचा पत्ता गेला, हजेरी थांबली. प्रश्न राहिले, उत्तरसूची राहिली. पाच मिनिटांत पानं धडाधड उघडू लागली. ज्या नावासाठी हा सगळा खटाटोप केला ते नाव त्या रात्री एकाही पानावर नव्हतं. त्याबद्दल एकही फोन आला नाही.

सर म्हणाले, "उघडलं गं. बस झालं. आता झोप." मला झोप आली नाही. ज्यांनी सरांना फोन केला त्यांचं कळलं. ज्यांच्याकडे सरांचा नंबर नाही, ज्यांनी दोनदा प्रयत्न करून मोबाइल ठेवून दिला, त्या पोरांचं काय? चार-पाच गुणांनी राहणं काय असतं हे मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी सरांकडे गेले. मनात तीन पर्याय होते. एक, महागडं होस्टिंग घेऊन पीएचपी कायम जागं ठेवायचं. दोन, पीएचपीऐवजी सर्व्हर साइड इन्क्लूड वापरायचं. अपाचे सर्व्हरची ही जुनी सोय आहे. ती फक्त 'ही फाईल इथे जोड' एवढं आणि थोडंफार करते, त्यामुळे हलकी. शिवाय एक्सबिटहॅक नावाची एक क्लृप्ती आहे. तिच्यामुळे सर्व्हर खूण केलेल्या फायलींच्याच आत बघतो, आणि पूर्ण चालू केली तर पानाला शेवटच्या बदलाची तारीखही लावता येते. मात्र ती तारीख मूळ पानाची, जोडलेल्या तुकड्याची नव्हे. म्हणजे पत्ता बदलला तरी ब्राउझरला वाटणार काही बदललं नाही. तीन, सगळं सोडून जुन्या पद्धतीवर जायचं.

मी सरांना हे समजावत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तू सायक्लोस्टाइल बघितलंय का?"

शाळेच्या सामानाच्या खोलीत एक गंजलेलं यंत्र होतं, तेवढं आठवत होतं. सरांनी सांगितलं, की पूर्वी प्रश्नपत्रिका काढायची तर मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. ती स्टेन्सिल. मग ती यंत्राला लावून शाईच्या रुळाने हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. कोरायला रात्र जायची, प्रत निघायला क्षण. "परीक्षेच्या सकाळी पोरगं वर्गात आलं अन् पेपर मागितला, तर मी काय त्याच्यासमोर स्टेन्सिल कोरायला बसणार का?"

मी सात वर्षं या धंद्यात आहे. हे वाक्य मला मीटिंगांमध्ये इतक्या स्वच्छपणे ऐकायला मिळालेलं नाही. प्रश्न पीएचपी वेगवान की मंद हा नव्हताच. काम कधी करायचं हा होता. पत्ता बदलतो दहा वर्षांतून एकदा, उत्तरसूची वर्षातून दोनदा. आणि पान मागितलं जातं रोज शेकडो वेळा. बदलाचं काम मी बदलाच्या वेळी न करता मागण्याच्या वेळी ढकललं होतं. माझी एक दुपार वाचली, त्याची किंमत प्रत्येक पोराने प्रत्येक वेळी थोडी थोडी भरली. एकट्या पोराला ती जाणवण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून मलाही दिसली नाही.

मागण्याच्या वेळीच करावं लागणारं काम असतं. दहावीचा निकाल घ्या: पंधरा-सोळा लाख मुलं, प्रत्येकाचा आसन क्रमांक वेगळा, उत्तर वेगळं. तिथे कुणीतरी विचारल्याशिवाय काय दाखवायचं हेच ठरत नाही. तिथे स्क्रिप्ट हवीच, आणि तो भार पेलायला निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर ठेवतात. सरांच्या पानाचं उत्तर मात्र सगळ्यांना सारखंच होतं.

मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सरांच्या संगणकावरच चालतो. वरचा भाग एका फाईलमध्ये, तळाचा एका, प्रश्न ज्याच्या त्याच्या. बटण दाबलं की तिन्ही जोडून नऊशे साधी एचटीएमएल पानं तयार होतात आणि जी बदलली तेवढी सर्व्हरवर चढतात. नावं तीच, भिंत खरी. सर त्याला 'प्रती काढणं' म्हणतात. त्याचेही तोटे आहेत. सर दुरुस्ती करतात आणि बटण दाबायचं विसरतात. तळाचं एक अक्षर बदललं की नऊशेच्या नऊशे पानं नव्याने चढतात आणि सगळ्यांच्या मोबाइलमधल्या प्रती एकदम शिळ्या होतात. पण तो त्रास सरांच्या टेबलावर होतो, दुपारी, सवडीने. परीक्षेच्या आदल्या रात्री सिल्लोडच्या एखाद्या घरात होत नाही.

राहिली हजेरी. पानात स्क्रिप्ट नाही म्हणजे मोजणारा कोणी नाही, आणि त्या वहीचं मी काय करणार होते? उपाय आधीपासून तिथेच होता. सर्व्हर प्रत्येक मागणीची नोंद एका फाईलमध्ये करतोच. मी रात्री एकदा ती फाईल मोजून, सर्च इंजिनांचे यंत्रमानव जमतील तेवढे वगळून, सकाळी सरांना आकडा पाठवायची सोय केली. इथेही एक पेच होता. पानं मोबाइलमध्ये महिनाभर ठेवा असं ब्राउझरला सांगितलं असतं तर पोरांना सगळ्यात सोपं गेलं असतं. सर्व्हरला काही विचारावंच लागलं नसतं. पण मग ती पोरं नोंदीतही दिसली नसती. पान जितकं चांगलं पोचणार तितकी हजेरी कमी भरणार. मी मधला मार्ग काढला: पान ठेव, पण वापरायच्या आधी बदललंय का एवढं विचार. सर्व्हर ३०४ म्हणतो, दोन-चार ओळींत काम होतं, आणि पोराची हजेरी लागते. चुकलेलं उत्तर दुरुस्त केलं तर तेही लगेच पोचतं. हे मी सरांसाठी केलं की पोरांसाठी, ते मला नक्की सांगता येणार नाही.

२०२५च्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी लॅपटॉप उघडून नोंदी बघत बसले होते. ओळी सरसर वर जात होत्या, बऱ्याच ३०४. साडेनऊ वाजले तरी फोन वाजला नाही, म्हणून मीच केला.

"जेवलीस का?"

"हो सर. काही अडचण?"

"हाय ना. एका पोरीचा फोन आला होता आत्ता. बुद्धिमत्तेच्या एका संचात सदतिसाव्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय म्हणती. मी करून बघितलं. बरोबर आहे तिचं." थोडं थांबून म्हणाले, "दुरुस्त केलंय मी. ते प्रती काढायचं बटण कुठंय म्हणालीस?"